जमिनीखालच्या लाइनी शोधणारे आणि टाकणारे रोबो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याखाली पाणी, ड्रेनेज, गॅस, वीज, फायबर सगळं एकमेकांच्या अंगावरून गेलेलं असतं आणि वरून त्यातलं काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी रोबो वापरायचे म्हणजे काय करायचं, त्यांच्यावर किती विसंबायचं, कुठं थांबायचं, ह्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. जिथं माझं ठाम मत आहे तिथं ते सरळ लिहिलंय.

रोबो म्हणजे नक्की काय? फावडं घेतलेलं माणसासारखं मशीन का?

नाही. ह्या कामात रोबो म्हटलं की बरीच वेगवेगळी मशीन्स येतात. चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणारी गाडी, जिच्या पोटाखाली रडार बसवलेलं असतं आणि जी आखून दिलेल्या रेघेवरून आपली आपण फिरते, ती मॅपिंगची. पाइपच्या आत शिरणारा क्रॉलर, पुढं कॅमेरा आणि लाइट लावलेला, तो तपासणीचा. मग पाइपच्या आत जाऊन कापणारे किंवा सांधे भरणारे रोबो, रस्त्याला नेमकं भोक पाडून माती शोषून घेणारे रोबोटिक हात, आणि खालून बोगदा करत पाइप पुढं नेणारी रिमोटवरची मशीन्स. ह्यातली बहुतेक माणूस दूर बसून चालवतो, पूर्णपणे आपली आपण चालणारी अजून थोडीच आहेत. त्यामुळे कुणी नुसतं "रोबो आणलाय" म्हटलं तर तो काय मोजतो, काय कापतो आणि त्याला थांबवायचं बटण कुणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

नकाशे असतातच ना, मग एवढा खटाटोप कशाला?

नकाशे असतात, पण बहुतेक नकाशे लाइन कुठं टाकायची ठरलं होतं ते सांगतात. टाकताना मध्ये खडक लागला, जुनं चेंबर आडवं आलं, ठेकेदाराने लाइन दीड मीटर बाजूला सरकवली, हे कागदावर चढतंच असं नाही. माप घेतलेलं असतं कंपाउंडच्या भिंतीपासून आणि ती भिंत रस्ता रुंद करताना केव्हाच पाडलेली असते. वर प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा, स्केल वेगळी, आणि दोन नकाशे एकावर एक ठेवले की जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी अंदाजाप्रमाणे वर्षाला साधारण ४० लाख खड्डे खणले जातात आणि त्यात ६० हजारांच्या आसपास वेळा कुठल्यातरी लाइनीला धक्का लागतो, त्यापायीच तिथं सगळ्या कंपन्यांची माहिती एका जागी आणणारं राष्ट्रीय रजिस्टर उभं केलं गेलं. अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला दोन लाखांच्या घरात अशा घटना धरल्या जातात.

आणि ह्यात माणसं जातात. ३० जुलै २००४ ला बेल्जियममधल्या गिलेंगियन इथं गॅस पाइपलाइन फुटून २४ जण गेले, त्या पाइपला आधीच्या बांधकामात मशीनचा मार बसलेला होता. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ ला पेट्रोल ड्रेनेजमध्ये उतरून रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेच्या वर माणसं मेली. तिथं पेट्रोलच्या स्टीलच्या लाइनीला लगटून जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप टाकलेला होता, ओलाव्यात दोन धातूंची क्रिया होऊन स्टील गंजलं आणि भोक पडलं. कुठली लाइन कुणाच्या किती जवळून जाते हे माहीत असणं किती महत्त्वाचं आहे ते सांगायला मला ह्याहून मोठं उदाहरण सापडत नाही.

रोबोला जमिनीखालचं खरंच दिसतं का?

त्याला फक्त प्रतिध्वनी मिळतो, चित्र मिळत नाही. जमिनीत शिरणारं रडार, ज्याला सगळे जीपीआर म्हणतात, ते रेडिओ लहर खाली सोडतं, वाटेत मातीपेक्षा वेगळं काही लागलं की लहरीचा थोडा भाग परत येतो आणि तो किती वेळाने आला ते मोजलं जातं. स्क्रीनवर पाइपचा गोल कधीच उमटत नाही. गाडी पाइपकडं येत असते तेव्हा लहर तिरकी जाऊन तिरकी परत येते म्हणून वेळ जास्त लागतो, गाडी बरोबर पाइपच्या डोक्यावर आली की वेळ सगळ्यात कमी, पुढं गेली की परत वाढतो, त्यामुळे करड्या पडद्यावर एक कमान दिसते आणि तिचा शेंडा म्हणजे पाइपचा माथा. कोरड्या वाळूच्या जमिनीत कमान अगदी स्वच्छ असते, ओल्या जागी तिचे दोन्ही पाय पुसट होत जातात आणि शेवटी नुसता शेंड्याचा ठिपका उरतो, मग तो दगडाचा ठिपका की केबलचा हे एका रेघेवरून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा शेजारच्या रेघांवर तोच ठिपका एका रांगेत येतोय का ते बघायचं. पाइप लांबवर जातो, दगड जात नाही.

रडारने सांगितलेली खोली पक्की धरायची का?

अजिबात नाही, आणि का नाही ते समजून घ्या म्हणजे कायमचं लक्षात राहील. रडार खोली मोजत नाही, वेळ मोजतं. वेळावरून खोली काढायला मातीत लहर किती वेगाने जाते ते धरावं लागतं. समजा मशीनमध्ये वेग टाकलाय नॅनोसेकंदाला १० सेंटीमीटर आणि लहर जाऊन यायला २० नॅनोसेकंद लागले, तर मशीन सांगणार पाइप १ मीटरवर आहे. पण माती धरली होती त्याहून ओली निघाली आणि खरा वेग साडेसात सेंटीमीटर असला तर पाइप प्रत्यक्षात ७५ सेंटीमीटरवरच आहे, म्हणजे खणणाऱ्या मशीनची बकेट चालवणारा निर्धास्त खणत असताना पाइप पाव मीटर आधीच लागला. पाऊस पडून गेला की त्याच जागेचा वेग बदलतो. म्हणून चांगली टीम आधी एखादी उघडी दिसणारी, खोली माहीत असलेली लाइन शोधते, तिच्यावर वेग जुळवून घेते आणि मगच पुढं सरकते. तुमच्या साइटवर हे केलंय का ते जरूर विचारा.

रडार कुठं चालत नाही?

चिकणमातीत आणि खारट ओल्या जमिनीत लहर लवकर विरते, काही ठिकाणी तर मीटरभरही खाली जात नाही. सळ्यांची जाळी असलेल्या काँक्रीटखाली सगळा पडदा सळ्यांनीच भरून जातो. राडारोडा टाकून भरलेल्या जागेत इतक्या कमानी येतात की त्यातली आपली कुठली ते सापडत नाही. आणि बारीक केबल खोल असली तर सुटते, ढोबळ हिशोब असा की खोलीच्या दहाव्या भागापेक्षा बारीक वस्तू दिसेल ह्याची खात्री धरू नये. फ्रिक्वेन्सी कमी केली की लहर खोल जाते पण बारकावा जातो, वाढवली की बारकावा येतो पण खोली जाते, त्यामुळे चांगल्या गाडीत एकापेक्षा जास्त अँटेना असतात.

मग केबल लोकेटर वेगळं काय करतो?

लोकेटर धातूच्या लाइनीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. चालू वीज केबलचं क्षेत्र तिचं स्वतःचंच असतं, ५० किंवा ६० हर्ट्झचं. बंद केबल किंवा धातूचा पाइप असेल तर ट्रान्समीटर जोडून आपण त्यात सिग्नल सोडतो आणि वरून त्याच्या मागं जातो. गोंधळ होतो तो दोन लाइनी जवळून जात असतील तेव्हा, कारण सिग्नल शेजारच्या लाइनीवर उडी मारतो आणि तुम्ही मोठ्या विश्वासाने चुकीच्या केबलमागं चालत राहता. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ही उडी सोपी, म्हणून ३३ किलोहर्ट्झला सिग्नल झटकन मिळतो पण गर्दीच्या जागी ५१२ हर्ट्झ जास्त भरवशाचं. अजून एक, लोकेटर जी खोली दाखवतो ती साधारण लाइनीच्या मध्यापर्यंतची असते, माथ्यापर्यंतची नाही, आणि मोठ्या व्यासाच्या पाइपला हा फरक चांगलाच महागात पडतो.

मॅपिंगच्या रोबोवर रडार आणि हा लोकेटर दोन्ही एकाच गाडीवर बसवतात ते ह्याचसाठी. एकाला जे कळत नाही ते दुसऱ्याला कळायची शक्यता असते. एकच सेन्सर लावून सर्व्हे केला म्हणत असतील तर मी तो सर्व्हे अर्धा धरतो.

प्लास्टिकचा पाइप कसा सापडणार?

हा सगळ्यात छळणारा प्रकार. एचडीपीई किंवा पीव्हीसीच्या पाइपात धातू नाही, लोकेटरला काहीच मिळत नाही. टाकताना सोबत ट्रेसर वायर, म्हणजे पुढं लोकेटरला सापडावी म्हणून पाइपबरोबर घातलेली धातूची तार, टाकली असेल आणि ती मध्ये तुटलेली नसेल तर काम सोपं. नाहीतर पाइपच्या आत सोंड नावाचा छोटा ट्रान्समीटर ढकलायचा आणि वरून त्याचा माग घ्यायचा, पण त्यासाठी पाइपात शिरायला तोंड पाहिजे. रडारला पाण्याने भरलेला प्लास्टिक पाइप बरा दिसतो, कारण पाणी आणि माती ह्यांच्यात फरक मोठा आहे. गॅसचा बारीक सर्व्हिस पाइप, म्हणजे मोठ्या लाइनीपासून घरात जाणारा, मात्र ओल्या मातीत बेमालूम लपतो. नवीन प्लास्टिक लाइन वायरशिवाय टाकणं हा पुढच्या माणसावर केलेला अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रडारची गाडी माणूसही ढकलत नेतो, रोबोने काय फरक पडतो?

सेन्सर तोच असतो, फरक पडतो शिस्तीचा आणि जागेच्या नोंदीचा. माणूस दुपारच्या उन्हात चौथ्या तासाला रेघ सोडतो, दोन रेघांमधलं अंतर वाढतं, कोपरे राहून जातात. रोबो ठरवलेल्या अंतराने रेघा मारत जातो आणि जिथं गाडी लागलेली होती म्हणून जाता आलं नाही तो तुकडा मॅपवर कोरा दाखवतो. हे कोरं दाखवणं फार मोलाचं आहे बरं का, कारण हाताने केलेल्या सर्व्हेत "इथं काही नाही" आणि "इथं बघितलंच नाही" हे दोन्ही कागदावर सारखेच दिसतात.

जागेसाठी आरटीके जीपीएस, म्हणजे जवळच्या स्थिर स्टेशनवरून सतत दुरुस्ती घेणारा जीपीएस, लावतात, आकाश मोकळं असेल तर दोनेक सेंटीमीटरपर्यंत अचूक. उंच इमारतींच्या मध्ये किंवा पुलाखाली ते भरकटतं, तिथं लायडार (लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणारं) किंवा रोबोटिक टोटल स्टेशन (गाडीच्या मागावर राहून कोन आणि अंतर मोजणारी सर्व्हेची दुर्बीण) ह्यांचा आधार घ्यावा लागतो. आणि वाहत्या रस्त्यावर सर्व्हे करायचा असेल तर माणसाऐवजी मशीन ट्रॅफिकमध्ये उभं राहतं, मला तर हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

एआय आपोआप लाइनी काढून देतं का?

कमानी शोधण्यात ते आता बरंच पुढं गेलंय, हजारो मीटरचा डेटा माणसाने एकेक पडद्यावर बघायचा म्हणजे डोळे थकतात आणि चुका होतात. पण एआय शिकलेलं असतं ठरावीक मातीवर. वेगळी जमीन आली की ते दगडांच्याही लाइनी जोडून दाखवतं किंवा खऱ्या लाइनी सोडतं, आणि दोन्ही वेळेला रेघ तितक्याच ठळकपणे काढतं. शेवटी सही जाणकार माणसाचीच पाहिजे आणि मूळ रडारचा डेटा जपून ठेवलेला पाहिजे, म्हणजे उद्या शंका आली तर परत बघता येईल.

मॅपवरच्या रेघेवर किती भरवसा ठेवायचा ते कसं ओळखायचं?

ह्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा निवांत वाचा. मॅपवर प्रत्येक रेघेशेजारी ती कशावरून काढलीये हे लिहिलेलं पाहिजे. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संघटनेचं एएससीई ३८ नावाचं स्टँडर्ड आहे, २००२ साली आलं, २०२२ साली नवं झालं, त्यात चार दर्जे दिलेत. डी म्हणजे फक्त जुन्या कागदांवरून किंवा कुणी सांगितलं म्हणून. सी म्हणजे वर दिसणारी झाकणं, व्हॉल्व्ह, खांब मोजून त्यांच्याशी कागद जुळवला. बी म्हणजे रडार, लोकेटर वगैरे लावून शोधलं. ए म्हणजे प्रत्यक्ष उघडं करून डोळ्यांनी बघितलं आणि मोजलं. ब्रिटनमध्ये पीएएस १२८ आहे, २०१४ चं, तेही २०२२ मध्ये सुधारलं, त्यातही हाच विचार आहे.

आता गंमत नाही, गंभीरपणे सांगतो: कितीही भारी रोबो फिरवला तरी त्याने मिळतं ते बी. ए मिळवायला उघडंच करावं लागतं. म्हणजे "रोबोने मॅप केलंय" ह्याचा अर्थ "आता कुठं उघडून बघायचं ते कळलंय" एवढाच घ्यायचा. जिथं तुमची नवी लाइन जुन्या लाइनीला ओलांडणार आहे अशा प्रत्येक ठिकाणी ए पाहिजे, त्याला पर्याय नाही. रंगीत, सुंदर थ्रीडी मॉडेलवर दर्जा लिहिलेला नसेल तर ते मॉडेल बघायला छान आहे, खणायला घ्यायचं नाही.

रस्त्यावर स्प्रेने मारलेल्या रंगांचा अर्थ काय?

अमेरिकेतल्या प्रचलित पद्धतीत लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस आणि तेल, केशरी फोन आणि फायबर, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज, जांभळा पुनर्वापराचं पाणी, गुलाबी सर्व्हेच्या तात्पुरत्या खुणा, पांढरा म्हणजे इथं खणायचंय. दुसरीकडं रंग वेगळे असू शकतात म्हणून अंदाजावर जाऊ नका, तिथली यादी मागून घ्या. काही रोबो मॅपिंग करता करता हे रंग स्वतःच मारत जातात.

पाइपच्या आतून मॅपिंग करता येतं म्हणतात, ते कसं?

डक्ट (केबल घालायची नळी) किंवा पाइप रिकामा असेल तर त्यात जायरोस्कोपचं यंत्र ओढून घेतात. ते प्रत्येक क्षणाला वळण आणि चढउतार नोंदवत जातं, आणि दोन्ही तोंडांचे कोऑर्डिनेट माहीत असले की मधला पूर्ण मार्ग थ्रीडीमध्ये निघतो. वरच्या मातीचा, ट्रॅफिकचा, शेजारच्या केबलचा काही संबंधच येत नाही, नदीखालून गेलेल्या खोल लाइनीला तर ह्यासारखं दुसरं साधन नाही. चूक अंतरागणिक साठत जाते आणि दोन टोकांच्या मध्यावर सगळ्यात जास्त असते, त्यामुळे दोन्ही दिशांनी ओढून घेतलेलं बरं. ब्रिटनमध्ये शेफील्ड आणि इतर विद्यापीठांनी २०१९ पासून पाइपबॉट्स नावाचा प्रकल्प चालवला, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या जाळ्यात छोटे छोटे रोबो फिरत ठेवायचे असा त्यांचा विचार.

चालू गॅसच्या पाइपात रोबो सोडतात, स्फोट नाही होत?

नैसर्गिक गॅस हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळलेला असतो तेव्हाच पेट घेतो. पूर्ण गॅसने भरलेल्या पाइपात हवा नसते, म्हणून ठिणगी पडली तरी पेटायला काही नसतं. धोका असतो तो रोबो आत घालताना आणि बाहेर काढताना, कारण तेव्हा हवा आणि गॅस मिसळू शकतात. म्हणून पाइपवर बंद चेंबर बसवतात, त्यातली हवा आधी काढून टाकतात आणि मगच व्हॉल्व्ह उघडतात. सिसबॉट नावाचा रोबो अशा पद्धतीने बिडाच्या जुन्या गॅस पाइपात जातो, प्रत्येक सांध्याला आतून भोक पाडून सीलंट भरतो, आणि वर लोकांचा गॅस चालूच राहतो. एका खड्ड्यातून कितीतरी सांधे होतात, नाहीतर प्रत्येक सांध्याला वेगळा खड्डा.

खणायचं कामही रोबो करतो का?

सुरुवात झालीये. ब्रिटनमधल्या एसजीएन ह्या गॅस कंपनीने यूएलसी टेक्नॉलॉजीजबरोबर रस्त्याच्या कामाचा रोबो तयार केला आणि २०२१ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावर वापरून बघितला. रोबोटिक हात आधी सेन्सर फिरवून खाली काय आहे ते बघतो, मग रस्त्याचा वरचा थर कापून उचलतो, आणि पुढं बकेट न लावता माती सुटी करून शोषून घेतो. शोषून घेणं हेच ह्यातलं खरं सुरक्षित अंग आहे. हवेच्या झोताने माती मोकळी होते आणि मोठ्या होजमधून वर जाते, हळूहळू खाली पाइपची पाठ उघडी पडते, आधी गोल कडेची एक बारीक चंद्रकोर, मग पूर्ण माथा, आणि त्याच्यावर ओरखडाही नसतो. पाण्याच्या झोताने काम लवकर होतं पण जास्त दाबाचं पाणी केबलचं इन्शुलेशन कापू शकतं, म्हणून नोझल एका जागी धरून ठेवायचा नसतो. रोबो नसला तरी साधी व्हॅक्यूमची गाडी मागवता येते आणि ट्रायल पिटसाठी, म्हणजे लाइन उघडी करून बघायच्या छोट्या खड्ड्यासाठी, ती मागवावीच.

रस्ता न खणता लाइन टाकायची पद्धत कशी असते, आणि ती सुरक्षित आहे का?

सगळ्यात जास्त वापरतात ती एचडीडी, म्हणजे हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग, दिशा देत आडवं ड्रिल करायचं. आधी बारीक पायलट बोअर मारतात, मग रीमर लावून भोक मोठं करतात आणि परत येताना पाइप ओढून घेतात. ड्रिलचं तोंड एका बाजूने तिरकं कापलेलं असतं, फिरवत ढकललं तर सरळ जातं, फिरवायचं थांबवून नुसतं ढकललं तर त्या तिरक्या बाजूच्या हिशोबाने वळतं. तोंडात वर सांगितलेला सोंड ट्रान्समीटर असतो, वरून माणूस रिसीव्हर घेऊन चालतो आणि खोली, उतार, तोंड घड्याळाच्या कितीवर आहे ते वाचत जातो. नवीन मशीन्सना रॉड लावायचं काम आपोआप होतं, वीज केबलला लागलं तर अलार्म वाजतो. ड्रिलच्या तोंडातच रडार बसवायचा प्रयत्न युरोपात ऑर्फियस नावाच्या प्रकल्पात झालाय.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, ड्रिलला आपण कुठं आहोत ते कळतं, समोर काय आहे ते कळत नाही. ड्रेनेजच्या पाइपात ड्रिल आरपार घुसलं तरी मशीनवर फारसा झटका बसत नाही, मग त्यातूनच गॅसचा प्लास्टिक पाइप ओढला जातो आणि सगळं व्यवस्थित झालं असं वाटतं. काही वर्षांनी ड्रेनेज तुंबतं, कुणीतरी कटर लावून साफ करायला घेतो आणि तो कटर गॅसचा पाइप कापतो, गॅस ड्रेनेजमधून थेट घरात. ह्याला क्रॉसबोअर म्हणतात. म्हणून बोअरच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा आजूबाजूच्या ड्रेनेज लाइनीत कॅमेऱ्याचा क्रॉलर फिरवायचाच. नंतरची तपासणी बिलात वाचवायची जागा नाही.

ड्रिल करताना भोकात सोडलेला बेंटोनाइट मातीचा चिखल दाबाने कुठल्याही भेगेतून वर येऊ शकतो, तोही बघत राहायचा. चिखल परत यायचा अचानक थांबला तर तो कुठंतरी चाललाय, तेव्हा थांबून शोधायचं.

मायक्रोटनेलिंग म्हणजे वेगळं काही?

हो. जपानमध्ये १९७० च्या दशकात हे सुरू झालं. खड्ड्यातून जॅकने पाइप ढकलत नेतात, पुढं कापणारं मशीन लेझरच्या रेघेवर चालतं, आणि ऑपरेटर वर केबिनमध्ये बसून चालवतो, बोगद्यात माणूस नसतो. उतार अगदी नेमका लागतो अशा ड्रेनेज लाइनींना हे उत्तम. अडचण एकच, मोठा दगड किंवा जुनी शीट पाइल (जमिनीत ठोकलेली लोखंडी पत्र्याची भिंत) आडवी आली तर कधीकधी वरून खड्डा घेऊनच मशीन सोडवावं लागतं, म्हणून आधीचा सर्व्हे इथं जास्त कडक पाहिजे.

गांडुळासारखे रोबो येणार असं वाचलं, खरंय का?

संशोधन खरंच चाललंय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एआरपीए-ई संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये विजेच्या तारा जमिनीखाली नेण्यासाठी १२ प्रकल्प निवडले, त्यात गांडुळासारखं आकुंचन-प्रसरण पावत मातीतून पुढं सरकणारे रोबोही आहेत. मागून मोठा जोर लावायची गरज नाही म्हणून मशीन लहान राहतं आणि वळणंही घेता येतात. रोजच्या कामाला ते कधी मिळतील ते आत्ता धरून चालू नका, पण दिशा योग्य आहे असं मला मनापासून वाटतं.

चेंबरमध्ये माणूस उतरवला तर लवकर होतं, मग रोबो कशाला?

उतरवू नका. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. असे जीव वर्षानुवर्षं जात आलेत आणि ह्यातला एकही जायला नको होता. बघायचं असेल तर क्रॉलर आहे, साफ करायचं असेल तर पाण्याच्या जोरदार झोताचं जेटिंग मशीन आहे, केरळमधल्या जेनरोबोटिक्सने २०१८ मध्ये आणलेला बँडिकूटसारखा रोबो आहे. पाइपला आतून नवं अस्तर घालायचं तंत्र लंडनमध्ये १९७१ पासून आहे, आणि अस्तराने बंद झालेली घरांच्या जोडण्यांची तोंडं परत कापून मोकळी करायला रोबोटिक कटर असतो. आत माणूस लागतो अशी कामं आता फार थोडी उरलीत, "लवकर होतं" हे त्यातलं कारण होऊच शकत नाही.

रोबो आत अडकला तर?

अडकतात. सरकलेला सांधा, गाळ, झाडाची मुळं, अर्धवट खचलेला पाइप. म्हणून केबल नुसती डेटाची नसते, ओढून काढता येईल इतकी मजबूत असते. काम सुरू व्हायच्या आधी बाहेर काढायची पद्धत लिहून घ्या, आणि तरीही खणून काढायची वेळ आली तर तो खड्डाही सगळे नियम पाळूनच, घाईत नाही.

कामगारांचं काम जाईल का?

काही कामं बदलतील हे खरं. पण जुन्या लाइनींची ज्याला नस माहितीये, व्हॉल्व्हच्या झाकणावरून पाइप कुठं वळला असेल ते जो सांगतो, त्याच्याशिवाय रोबोचा डेटा नीट वाचताच येत नाही. त्या माणसाला स्क्रीनसमोर बसवा, शिकवा, आणि त्याच्या जागी कुणी नवखा आणू नका.

आमचं काम छोटं आहे, एकच खड्डा. एवढं सगळं लागतं का?

रोबो लागत नाही, पद्धत लागते. आधी लाइनी कुणाच्या आहेत त्यांना कळवा, अमेरिकेत ८११ नंबर आहे, भारतात २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग ॲप आलं, जिथं जी सोय असेल ती वापरा. मग झाकणं आणि खुणा बघा, लोकेटर फिरवा, खुणेच्या दोन्ही बाजूंना हाताने किंवा व्हॅक्यूमने खणा. पहार आणि कुदळ सरळ खाली मारायची नाही, फावड्याने बाजूने माती काढत जायचं. एका खड्ड्यातही वीज केबल असू शकते.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून काय घ्यायचं?

लाइन उघडी असताना घेतलेली मापं, माती टाकायच्या आधी. कोऑर्डिनेट, माथ्याची पातळी, व्यास, पाइप कशाचा आहे, तारीख, फोटो, आणि वाटेत लागलेल्या दुसऱ्यांच्या लाइनीसुद्धा, कारण त्या आयत्या उघड्या मिळाल्यात आणि फुकटात ए दर्जा मिळतोय. बंद पडलेल्या जुन्या लाइनीही नोंदवा, पुढच्याला चालू की बंद ते कळत नाही. रडारच्या शंभर फेऱ्यांपेक्षा उघड्या चरात घेतलेलं एक माप जास्त खरं असतं.

एवढं करूनही लाइनीला लागलंच तर काय करायचं?

गॅसला लागलं तर सगळ्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब न्या, तिथं फोन, स्विच, गाडी काही चालू करू नका, लांब गेल्यावर फोन करा. पाइप दाबून किंवा बोळा घालून बंद करायचा प्रयत्न नको, पेटला असेल तर विझवायचाही नको. सर्व्हिस पाइप बकेटला अडकून ओढला गेला असेल तर तो घराच्या आतल्या बाजूला सुटलेला असू शकतो, म्हणून शेजारची घरंही रिकामी करायला सांगा. वीज केबलला लागलं तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी मशीनला हात न लावता लांब व्हायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची, मशीन आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागू द्यायची नाही, आणि पाय जुळलेलेच ठेवून लांब सरकायचं. फायबर तुटली तर तुटलेल्या टोकात डोळा घालून बघायचं नाही.

आणि नुसता ओरखडा आला, कोटिंग निघालं, काही गळत नाही, तरीही कळवायचंच. १० जून १९९९ ला अमेरिकेतल्या बेलिंगहॅममध्ये पेट्रोलची पाइपलाइन फुटून दोन लहान मुलं आणि एक तरुण गेला, त्या पाइपला मार बसला होता १९९४ मधल्या खोदकामात, पाच वर्षं आधी. पाइप उघडाच ठेवा, खड्ड्याभोवती बॅरिकेड लावा, लाइनीच्या मालकाचा माणूस येऊन बघून लेखी देईपर्यंत त्यावर मातीचं एक घमेलंही टाकू नका.